अँटेना मोजण्याचे प्राथमिक प्रशिक्षण तालुक्यापर्यंत यावे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

पुणे-नाशिक लोहमार्गाच्या आखणीवरून गेली काही वर्षे जी चर्चा चालू आहे, तिच्यात आमच्या जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे, म्हणजे जीएमआरटीचे, नाव वारंवार येते. गाड्यांमुळे दुर्बिणीच्या निरीक्षणांत बाधा येईल या कारणावरून मूळ आखणी बाजूला ठेवली गेली आणि तेव्हापासून नारायणगावच्या एसटी स्थानकात असो की लग्नाच्या मांडवात, एकच प्रश्न कानावर पडतो : गाडी रुळावरून धावणार, दुर्बीण आभाळाकडे पाहणार, मग दोघांची एकमेकांना अडचण ती काय? मार्ग कुठून जावा यावर मत देण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. ते ठरवणारी माणसे वेगळी आहेत. मला खटकते ते हे की, या प्रश्नाचे खरे उत्तर 'होते' किंवा 'होत नाही' असे नसून 'किती होते' असे आहे, आणि 'किती' हे सांगता येण्यासाठी जे मोजमाप करावे लागते ते करू शकणारी मुले, इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आणि पदवी घेऊन आपल्याच भागातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्यांमध्ये, मला जवळपास सापडत नाहीत.

विजेच्या इंजिनाचा पँटोग्राफ, म्हणजे छतावरचा वीज घेणारा सांगाडा, वरच्या तारेवरून घासत जातो तेव्हा मधूनमधून ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे एकाच वेळी अनेक वारंवारतांवर पसरलेला रेडिओ गोंगाट. तो कोणत्या वारंवारतेला, किती अंतरावर, किती डेसिबल (शक्तीची पटीत तुलना करण्याचे माप; १० डेसिबल म्हणजे दहापट) शिल्लक राहतो हे अँटेना, केबल आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे ते दाखवणारे यंत्र, घेऊन शेतात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. दुर्बिणीच्या बाजूने पाहिले तर आकडे चक्रावून टाकणारे आहेत. रेडिओ खगोलशास्त्रात 'जान्स्की' हे एकक वापरतात. दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला एका वॅटला १०च्या २६व्या घाताने भागून उरणारा अंश, इतके ते लहान. एक वॅट शक्तीचा साधा टू-जी मोबाइल (त्याची शक्ती २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पसरते) चंद्रावर ठेवून चालू केला, तर हिशेबाने तो पृथ्वीवरून अडीचशेहून अधिक जान्स्कीचा दिसेल, म्हणजे आकाशातील अगदी मोजके स्रोतच त्याहून तेजस्वी ठरतील. हा हिशेब पदविकेच्या विद्यार्थ्याला दहा मिनिटांत करता यावा असा आहे, कारण त्यासाठी लागणारे अंतरानुसार किती शक्ती पोहोचते ते सांगणारे फ्रीस यांचे १९४६ सालचे सूत्र त्याच्या अभ्यासक्रमात असते. तो ते सिद्ध करून दाखवतो, त्यावर पाच गुण मिळवतो आणि आयुष्यात एकदाही ते वापरून पाहत नाही.

हे मी दुसऱ्या कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः बरीच वर्षे तंत्रनिकेतनात 'मायक्रोवेव्ह' हा विषय शिकवला आहे आणि या दोषातला माझा वाटा माझ्या पदरात आहे. वीस-बावीस विद्यार्थ्यांची तुकडी, मध्यभागी एक उपकरण, त्याच्याभोवती तीन रांगा; पहिल्या रांगेतील दोघे बटणे दाबतात, दुसरी रांग आकडे उतरवते, तिसरी रांग दुसऱ्या रांगेचे आकडे उतरवते. जर्नल वेळेत तपासून सही करायची असल्यामुळे मागच्या वर्षीच्या निरीक्षणांचा तक्ता जसाच्या तसा आलेला दिसला तरी मी सही केलेली आहे. नवा महागडा ॲनालायझर आला तेव्हा तो बिघडला तर जबाबदारी कोणाची, या भीतीने त्यावर कापडी आच्छादन पडले आणि तो तपासणीसाठी समिती येई त्या दिवशीच उघडा होऊ लागला. ज्या उपकरणावर ओरखडाही नाही ते उत्तम राखलेले उपकरण, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. प्रयोगशाळेच्या बाबतीत ती अगदी उलटी आहे.

जुन्या क्लिस्ट्रॉनच्या (सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या निर्वात नळीच्या) बेंचबद्दल मात्र मला चार शब्द बरे लिहायचे आहेत, कारण नव्या पिढीतील प्राध्यापक तो भंगारात काढण्याच्या घाईत असतात. लहर वाहून नेणाऱ्या पोकळ पितळी नळीला, म्हणजे वेव्हगाइडला, वर एक लांबट चीर, तिच्यातून आत डोकावणारा शोधक आणि तो सरकवण्यासाठी मोजपट्टी, एवढीच ती रचना. पण ९.३७५ गिगाहर्ट्झला तो शोधक सरकवत नेला की मीटरचा काटा पडतो, उठतो, आणि सुमारे २२ मिलिमीटरवर पुन्हा पडतो. स्थिर तरंग नावाची जी गोष्ट पुस्तकात रेघांनी काढलेली असते ती बोटांखाली सापडते. मोकळ्या हवेतल्या तरंगलांबीवरून हे अंतर १६ मिलिमीटर यायला हवे होते, मग २२ का आले, असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला की त्या दिवसाचे माझे काम झाले असे मी समजत असे. पडद्यावर रंगीत आलेख काढून देणारे यंत्र हा प्रश्न विचारू देत नाही. तेव्हा बेंच ठेवावा. मात्र तिथेच थांबू नये, कारण आज कारखान्यात, मोबाइलच्या मनोऱ्यावर किंवा दुर्बिणीच्या प्रयोगशाळेत कोणी क्लिस्ट्रॉन वापरत नाही.

थांबू नये म्हणजे काय करावे, तर एका आठवड्याचे, हाताने करायचे, प्राथमिक प्रशिक्षण. त्यात नवीन सिद्धान्त एकही नसावा. पहिला दिवस संपूर्णपणे कनेक्टर, केबल आणि डेसिबल यांना द्यावा. ऐकायला हे क्षुल्लक वाटेल. पण रेडिओ मोजमापातील चुका मोठ्या प्रमाणात इथेच जन्म घेतात असा माझा अनुभव आहे. एसएमए हा आट्यांचा छोटा कनेक्टर जोडताना फक्त बाहेरची नट फिरवायची असते, कनेक्टरचे अंग नव्हे. अंग फिरवले की मधली पिन घासली जाते आणि काही दिवसांनी तोच कनेक्टर दर जोडणीला वेगळे उत्तर देऊ लागतो. चांगला एसएमए कनेक्टरदेखील साधारण ५०० वेळा जोडण्यापुरताच असतो, ही गोष्ट मला नोकरीत बरीच वर्षे गेल्यावर कळली. घरातल्या वाय-फाय राउटरच्या अँटेनाला असतो तो कनेक्टर दिसायला तसाच, आटेही तसेच, पण मधली पिन आणि छिद्र यांची अदलाबदल केलेली. साध्या एसएमएवर तो छान घट्ट बसतो आणि आत काहीही जोडलेले नसते. विद्यार्थी दोन तास अँटेना दुरुस्त करत बसतो. असा घोटाळा प्रशिक्षणात मुद्दाम घडवून आणावा आणि ज्याचा त्याला शोधू द्यावा.

दुसरा धडा कॅलिब्रेशनचा, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर यंत्र जुळवून घेण्याचा, आणि इथे मला माझीच एक फजिती सांगितली पाहिजे. मी ज्या महाविद्यालयात होतो तिथल्या गच्चीवर वाय-फायचा एक अँटेना बसवला होता आणि त्याला खालच्या खोलीपर्यंत सुमारे १० मीटर बारीक आरजी-५८ केबल आणली होती. जोडणी चालेना, तेव्हा माझ्याकडे तपासणी आली. मी खालच्या खोलीत केबलचे टोक नेटवर्क ॲनालायझरला, म्हणजे लहर पाठवून तिच्यातली किती परत येते ते मोजणाऱ्या यंत्राला, जोडले. परत येणारी शक्ती पाठवलेल्या शक्तीपेक्षा २० डेसिबलने कमी, म्हणजे शंभरातला एकच भाग परत येतो आहे, असे दिसले. इतका उत्तम अँटेना क्वचितच असतो. 'अँटेना निर्दोष आहे' असा शेरा मी लेखी दिला. आठवड्याने शिपाई गच्चीवर पाण्याची टाकी धुवायला गेला आणि तो अँटेना हातात घेऊनच खाली आला. त्याचा जोड केव्हाच तुटला होता आणि केबलच्या वरच्या टोकाला काहीच नव्हते.

झाले होते असे. ही केबल २.४ गिगाहर्ट्झला दर मीटरमागे साधारण १ डेसिबल शक्ती खाते. जाताना १० डेसिबल गेले, उघड्या टोकावरून सगळीच्या सगळी शक्ती उलट फिरली, येताना आणखी १० गेले. मी केबलची गळती मोजत होतो आणि तिला अँटेनाचा गुण समजत होतो. खराब केबल वाईट अँटेनाला चांगला दाखवते. केबल जितकी खराब तितके प्रशस्तिपत्र अधिक उजळ. यावर उपाय जुना आणि सोपा आहे. केबलच्या ज्या टोकाला अँटेना जोडायचा तिथे आधी क्रमाने तीन गोष्टी जोडायच्या : पूर्ण उघडे टोक, पूर्ण जोडलेले म्हणजे शॉर्ट टोक, आणि ५० ओहमचा अचूक भार. या तिन्हींची उत्तरे आधीच ठाऊक असतात, त्यामुळे त्यांच्यावरून यंत्र केबलचा परिणाम वजा करायला शिकते आणि मोजमापाची सीमारेषा यंत्राच्या तोंडापासून अँटेनाच्या मुळाशी सरकते. हे तत्त्व वर्गात समीकरणांनी शिकवले की डोक्यावरून जाते. उघड्या टोकाला उत्तम अँटेनाचे गुण मिळालेले एकदा डोळ्यांनी पाहिले की जन्मभर विसरत नाही. १९३९ साली प्रसिद्ध झालेला फिलिप स्मिथ यांचा, टोकाला जोडलेली वस्तू लहर किती आणि कशी परतवते ते दाखवणारा वर्तुळाकार तक्ता विद्यार्थी परीक्षेसाठी रंगवतात. त्याच तक्त्यावर उघडे टोक उजव्या कडेला, शॉर्ट डाव्या कडेला आणि भार बरोबर मध्यावर बसलेला पाहिला की ती जाळी अचानक नकाशासारखी वाचता येऊ लागते.

नंतर प्रत्यक्ष अँटेना. स्वयंपाकघरातला साडेसात ते नऊ सेंटिमीटर व्यासाचा एक गोल पत्र्याचा डबा, त्यात सुमारे ३१ मिलिमीटर उंचीची तांब्याची काडी, एवढ्यावर २.४ गिगाहर्ट्झचा अँटेना तयार होतो. व्यास याहून बराच लहान असेल तर लहर डब्यात शिरतच नाही, बराच मोठा असेल तर आत नको असलेली दुसरी रचना उभी राहते. असे दोन सारखे डबे करून समोरासमोर एक मीटरवर ठेवावेत. या वारंवारतेला एक मीटर मोकळ्या हवेत सुमारे ४० डेसिबल घट होते. त्या जागी २६च घट मोजली गेली, तर १४ डेसिबलचा लाभ (गेन, म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटल्याचा फायदा) दोघांनी मिळून दिला, म्हणजे प्रत्येकी ७. महागडा प्रमाणित अँटेना नसतानाही अँटेनाचा लाभ असा काढता येतो. इथे बहुतेकजण समाधानाने वही मिटतात. खरे शिक्षण त्यापुढच्या प्रश्नात आहे : अंतर दुप्पट केले तर घट आणखी ६ डेसिबलने वाढायला हवी, ती वाढते का? बहुधा वाढत नाही. कधी ४ वाढते, कधी ९, कारण फरशी, लोखंडी कपाट आणि उत्सुकतेने वाकून पाहणारा विद्यार्थी हे सगळे लहर परतवत असतात. टेबल मैदानात नेले, उंच स्टुलावर ठेवले, माणसे मागे सारली की आकडा हळूहळू सहाकडे येतो. निर्ध्वनी खोलीसारखी लहरी शोषणारी बंद खोली, जिच्या भिंतींना फेसाचे निळे-काळे सुळके लावलेले असतात, ती का बांधावी लागते हे मग वेगळे सांगावे लागत नाही. अशा खोल्या मोठ्या संस्थांतच असतात आणि सुरुवातीला तिची गरजही नाही. मोकळे क्रीडांगण पुरते.

अंतराचा आणखी एक नियम आहे. अँटेनाचा व्यास वर्ग करून दुप्पट करावा आणि तरंगलांबीने भागावे. त्याहून जवळून मोजले तर लहर अजून पुरती सपाट झालेली नसते आणि उत्तर चुकते. घरावरच्या ६० सेंटिमीटरच्या डीटीएच डिशला १२ गिगाहर्ट्झला हे अंतर सुमारे २९ मीटर येते, म्हणजे महाविद्यालयाच्या व्हरांड्याएवढे. तोच नियम खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या डिशला १४२० मेगाहर्ट्झसाठी लावला तर उत्तर १९ किलोमीटर येते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीच्या ३० डिश मिळून सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातल्या एकेकीची परीक्षा घ्यायला प्रेषक कुठे नेऊन ठेवणार, हा प्रश्न किती अवघड आहे ते कळेल. म्हणून तिथले लोक आकाशातलेच ठरावीक, तेज माहीत असलेले स्रोत पाहून डिश तपासतात. थ्रीसी २८६ हा क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचा तेजस्वी गाभा, त्यांतला एक. आमच्या मुलांना एवढ्या दूरच्या गोष्टीची गरज नाही. जुनी डीटीएच डिश आणि केबलवाल्यांकडे असतो तो स्वस्त सॅटेलाइट फाइंडर घेतला आणि डिश सूर्याकडे वळवली की मीटर चढतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस दुपारी काही मिनिटे टीव्हीचे चित्र का जाते, हे केबलच्या धंद्यातल्या प्रत्येकाला अनुभवाने माहीत आहे. उपग्रहाच्या नेमका मागे सूर्य आलेला असतो. त्या ज्ञानाला आकड्याची जोड देणे, एवढेच करायचे आहे.

स्पेक्ट्रम ॲनालायझरबद्दल थोडक्यात लिहितो, जरी रेल्वेचा आणि मोबाइल मनोऱ्याचा प्रश्न अखेर याच यंत्राशी येऊन थांबतो. दोन गोष्टी नवशिक्याला कोणी सांगत नाही. एक, तळाशी दिसणारी गोंगाटाची रेघ हा हवेचा गुण नसून बहुतांशी यंत्राचा आणि आपण निवडलेल्या वारंवारतेच्या पट्ट्याच्या रुंदीचा गुण असतो. रुंदी दहापट केली की रेघ १० डेसिबल वर सरकते. तेव्हा 'इथे गोंगाट उणे ९० आहे' असे म्हणणाऱ्याने रुंदी सांगितली नाही, तर त्याने काहीच सांगितलेले नाही. दुसरे, जवळ एखादा जबरदस्त प्रेषक असला तर यंत्र स्वतःच्या पोटात खोटे संकेत तयार करते. ते ओळखण्याची रीत अशी की, यंत्राच्या तोंडाशी १० डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे संकेत तेवढा क्षीण करणारा तुकडा, लावावा. खरा संकेत १०नेच खाली येईल. खोटा त्याहून अधिक, तिसऱ्या क्रमाचा, म्हणजे मूळ संकेताच्या तिसऱ्या घाताने वाढणारा, असेल तर ३०ने पडेल. खोट्या संकेतावरून शेजाऱ्याच्या पंपावर, वेल्डिंगवर किंवा येऊ घातलेल्या गाडीवर ठपका ठेवला जाऊ नये यासाठी एवढी एक तपासणी पुरेशी असते. वॉकी-टॉकी थेट यंत्राला जोडून यंत्राचे तोंड जाळणे हा तिसरा धडा आहे. तो मात्र प्रत्यक्ष करून शिकू नये.

शहरी वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये म्हणून गृहनिर्माण संस्थांच्या सभांची आठवण करून देतो. इमारतीवर मोबाइलचा मनोरा ठेवायचा की नाही यावर होणाऱ्या वादांत एक बाजू मेंदूच्या विकारांची भीती घालते, दुसरी भाड्याचा आकडा दाखवते, आणि मोजमाप कोणाकडेच नसते. केंद्र सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी किरणोत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट ठरली. हा आकडा तपासता येण्याजोगा आहे. सभेत कोणीतरी मोबाइलवरचे ॲप उघडून 'उणे ६५' असा आकडा दाखवतो आणि घबराट पसरते. तो आकडा त्या फोनला त्याच्या स्वतःच्या नेटवर्कचा संकेत किती मिळतो एवढेच सांगतो, सर्व बाजूंनी, सर्व कंपन्यांची मिळून किती शक्ती अंगावर येते हे नव्हे. त्यासाठी वेगळा प्रोब, म्हणजे सर्व बाजूंची शक्ती मोजणारा शोधक, लागतो, तो कुठे धरायचा याची पद्धत असते, आणि निकालासोबत अनिश्चितता लिहावी लागते. प्रत्येक तालुक्यात असे मोजमाप समजून सांगू शकणारे दोन-चार लोक असतील, तर या सभा लवकर संपतील असे मला वाटते. निर्णय काय होईल तो होवो.

खर्चाचा प्रश्न लगेच पुढे येईल. प्रयोगशाळेच्या दर्जाचा नेटवर्क ॲनालायझर अनेक लाखांचा असतो हे खरे आहे. पण गेल्या काही वर्षांत नॅनोव्हीएनए नावाचे, खिशात मावणारे तशाच कामाचे उपकरण काही हजार रुपयांत मिळू लागले आहे. एका मोठ्या यंत्राच्या किमतीत अख्ख्या तुकडीला दोघांत एक देता येईल. त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगाव्यात. मूळ उपकरण ३०० मेगाहर्ट्झच्या वर मूळ लहर न वापरता तिच्या गुणक लहरींवर चालते, त्यामुळे तिथे त्याची पकड सैल होते, २.४ गिगाहर्ट्झपर्यंत जायचे तर त्याची पुढची आवृत्ती घ्यावी लागते, आणि त्यावरून कोणाला प्रमाणपत्र देऊ नये. मात्र जे यंत्र मुलाच्या हातातून पडले तरी प्राचार्यांची झोप उडत नाही, तेच शिकण्यासाठी योग्य. तसाच दुसरा स्वस्त सोबती म्हणजे संगणकाला जोडायचा आरटीएल-एसडीआर ग्राहक. मूळचा तो टीव्हीसाठी होता. योग्य चिपचा तो साधारण १.७ गिगाहर्ट्झपर्यंत ऐकू शकतो. पुठ्ठा आणि स्वयंपाकाची फॉइल यांचा कर्णा आणि एक चांगला ॲम्प्लिफायर त्याला जोडला तर आकाशगंगेतील हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा विद्यार्थ्यांना स्वतः पकडता येते.

जाणकार संस्था आपल्याकडे कमी नाहीत. पुण्यात एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी संस्था) आणि आयुका (खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र) आहेत आणि त्यांची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा भरते. मुंबईत पवईला समीर ही सूक्ष्मलहरींवर काम करणारी केंद्रीय संस्था १९८४ पासून आहे. वाहनांतील विद्युतचुंबकीय अडथळ्यांच्या चाचण्या पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत होतात. या ठिकाणी जाऊन शिकून आलेल्या मुलांशी मी बोललो आहे. चार दिवसांत त्यांची बोलण्याची पद्धत बदललेली असते, 'बरोबर आले' ऐवजी 'अर्ध्या डेसिबलच्या आत आले' असे ती बोलू लागतात. पण निवड होऊन तिथे पोहोचणारी मुले बहुतेक आधीच हुशार आणि इंग्रजीत सफाईने बोलणारी असतात. मनोऱ्यावर चढून अँटेना बसवणारा आयटीआयचा मुलगा, डीटीएचचा तंत्रज्ञ, पोलिसांच्या बिनतारी विभागातला कर्मचारी, तालुक्याच्या तंत्रनिकेतनातली विद्यार्थिनी यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. माझी विनंती अशी आहे की, या संस्थांनी आपल्या एक-दोन जाणत्या तंत्रज्ञांना वर्षातून काही आठवडे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे आणि प्रशिक्षण मराठीत घ्यावे. शब्दांची अडचण येणार नाही. मनोऱ्यावरचा मुलगा आजही 'मॅचिंग बसत नाही', 'लॉस जास्त आहे', 'केबलमध्ये पाणी गेलंय' असेच बोलतो. यातले प्रत्येक वाक्य शास्त्रशुद्ध आहे, फक्त त्याच्यापुढे आकडा लिहायचा राहिला आहे. शासनाच्या तंत्रशिक्षण विभागानेही प्रात्यक्षिक परीक्षेत एक छोटा बदल करून पाहावा : जर्नलमधील प्रयोग पुन्हा मांडायला सांगण्याऐवजी विद्यार्थ्याच्या हातात एक अनोळखी अँटेना द्यावा आणि तो कोणत्या वारंवारतेचा आहे, आणि तुझे उत्तर किती पुढेमागे असू शकते, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याइतकेच गुण असावेत.

कायद्याची बाजू प्रशिक्षणात यायलाच हवी. ऐकण्यापुरते मोजमाप वेगळे आणि लहर हवेत सोडणे वेगळे. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याशिवाय काम करता येते. त्यापलीकडे हौशी रेडिओचा परवाना घ्यावा, त्याची परीक्षा काही फार कठीण नाही, आणि प्रेषक तपासायचा तर तो अँटेनाला न जोडता डमी लोडला, म्हणजे लहर हवेत न सोडता शक्ती जिरवणाऱ्या भाराला, जोडावा. एक गंमत अशी की, या प्रशिक्षणासाठी सर्वांत अयोग्य जागा खोडदचे मैदान हीच आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञानदिनाचे प्रदर्शन भरते, शाळांची मुले बसगाड्या भरून येतात, पण ज्या दुर्बिणीला शांतता हवी तिच्या पायथ्याशी प्रेषक चालू करणे म्हणजे कीर्तनात ढोल बडवणे होईल. प्रयोग नारायणगावला, जुन्नरला, मंचरला, संगमनेरला व्हावेत आणि शेवटच्या दिवशी मुलांनी खोडदला जावे. डिशच्या तारांची जाळी जवळून पाहावी आणि तिच्या भोकांतून बोट आरपार जाईल असे वाटत असताना लहर का जात नाही, याचा हिशेब तिथेच वहीत करावा. भोक १० ते २० मिलिमीटरचे, लहर सर्वांत आखूड धरली तरी २०० मिलिमीटरची.

गच्चीवरून उतरवलेला तो तुटका अँटेना आणि ती १० मीटर केबल मी निवृत्तीच्या वेळी मागून घेतली आणि अजून जपून ठेवली आहे. सोबत एक नॅनोव्हीएनए आणि तिन्ही कॅलिब्रेशनचे तुकडे आहेत. परिसरातील ज्या महाविद्यालयाला असे प्रशिक्षण सुरू करायचे असेल त्यांनी पहिल्या दिवसासाठी हे सामान घेऊन जावे; केबलच्या वरच्या टोकाला काय जोडले आहे हे विद्यार्थ्यांना आधी सांगू नये, एवढीच अट आहे.

कळावे,

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक निवृत्त अधिव्याख्याता,
नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे